आभाराला साळवेअण्णा

साळवेअण्णा बोलायला उभे राहिले की आमच्या ऑफिसातली माणसं टेबलाखाली पायानं चपला चाचपायला लागायची. कुणी पेनाला टोपण लावायचं, कुणी पिशवीचा बंद आवळायचं, आणि लांबच्या सोयगाव तालुक्याहून आलेले लोक तर दाराकडं तोंड करूनच बसायचे. अण्णांनी अजून तोंड उघडलेलं नसायचं. पण ते उठले म्हणजे आता आभार होणार आणि आभार झाले म्हणजे सुटका, हे सगळ्यांच्या अंगात भिनलं होतं. मी आजवर पुष्कळ वक्ते ऐकले, पण एखादा माणूस बोलायला उठल्याचा इतका आनंद मला दुसऱ्या कुणाच्या बाबतीत झालेला नाही.

आमचं खातं कोणतं ते सांगत नाही. कोणतंही धरा, फरक पडणार नाही. छत्रपती संभाजीनगरातलं जिल्ह्याचं ऑफिस, खाली झेरॉक्सचं दुकान आणि रसवंती, वर आम्ही. मी लिपिक म्हणून रुजू झाले तेव्हा मला वाटलं होतं, इथं काम करावं लागेल. आठवडाभरात कळलं की इथं कामाबद्दल बोलावं लागतं. सोमवारी आढावा बैठक, तिच्या तयारीची बैठक शुक्रवारी, आणि सोमवारी काय बोलणं झालं यावर बोलायला मंगळवारी आणखी एक. मधल्या दिवसांत मुंबईहून व्हीसी, म्हणजे पडद्यावरची बैठक. लोक आपली कामं घेऊन जिना चढून यायचे आणि आमचे शिपाई रहीमभाई त्यांना दारातच सांगायचे, "साब मिटिंग में है. सब मिटिंग में है. मैं अकेला बाहर हूँ, मेरे से कुछ होता क्या देखो."

बैठकीचा हॉल म्हणजे एक लांबट खोली. एसी बसवला तेव्हा खिडक्या स्क्रू मारून कायमच्या बंद केल्या. पुढं एसी बिघडला, स्क्रू तसेच राहिले. लोक सारखे वेळ बघतात म्हणून साहेबांनी भिंतीवरचं घड्याळ काढायला लावलं. मोबाईल दाराबाहेर एका स्टीलच्या ताटात ठेवावे लागत. आत जाड पडदे, मघाच्या चिवड्याचा वास आणि साहेबांचा आवाज. बाहेर उजेड आहे की अंधार पडला, हेसुद्धा कळायला मार्ग नव्हता. शेजारच्या मशिदीतून मगरिबची अजान ऐकू आली की समजायचं, संध्याकाळ झाली. मला त्या खोलीत अक्षरशः जीव गुदमरल्यासारखं व्हायचं. आपलं आयुष्य इथंच या खुर्चीत संपणार आणि शेवटचं वाक्य कानावर पडणार ते "हा मुद्दा आपण सविस्तर घेऊ" हे, असं वाटायचं.

साहेब तसे वाईट नव्हते. कुणावर ओरडत नसत, हात ओले करून घेत नसत. पण एकटे बसले की त्यांना काही सुचायचं नाही. समोर दोन्ही बाजूंना माणसं मांडलेली असली म्हणजे त्यांना हुशारी यायची. आणि मग ते बोलत राहायचे. साहेब उठल्याशिवाय उठायचं नाही हा रिवाज, आणि साहेब काही उठायचे नाहीत.

अशा या कोंडवाड्यात साळवेअण्णा आमचे कार्यालय अधीक्षक होते. उंचीनं बेताचे, सावळे, केस मागं वळवलेले, पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट. खिशात कायम भाजके शेंगदाणे. जन्म वैजापूरकडच्या एका खेड्यातला, त्यामुळं बोलणं तिकडचं. सकाळी आल्या आल्या ते स्वतःच्या खुर्चीत बसत नसत. एकेका टेबलापाशी जायचे, चार शेंगदाणे ठेवायचे आणि विचारायचे, "ताई, तुमचं कुठं अडलंय?" सांगितलं की तिथंच उभ्या उभ्या ज्याच्याकडं अडलंय त्याला हाक मारायचे. शेंगदाणे संपायच्या आत काम मार्गी लागायचं. मग ते पुढच्या टेबलाकडं. बैठकीत जे विषय दुपारभर दळले जायचे ते अण्णांनी सकाळीच असे संपवलेले असायचे. साहेबांना ते सांगायची सोय नव्हती. सांगितलं तर साहेब म्हणायचे, "छान, यावर एक बैठक लावू."

बैठकीची चिठ्ठी हातात आली की अण्णांचा एकच प्रश्न असायचा. "ह्यात ठरवायचं काय हाय?" चिठ्ठी आणणारे रहीमभाई खांदे उडवायचे. "नाय ना काही? मग बसायचं कामून?" असं म्हणून अण्णा उसासा टाकायचे आणि बसायला निघायचे.

त्यांनी आभाराचं हत्यार पहिल्यांदा काढलं तेव्हा मी हजर होते. दुपारच्या जेवणानंतर सुरू झालेली बैठक, सोयगावच्या लोकांची शेवटची एसटी चुकायच्या बेतात. साहेब पाणी प्यायला थांबले. पेला ओठाला लागतो न लागतो तोच अण्णा उभे राहिले आणि खास आवाज लावून म्हणाले, "आजच्या बैठकीस आपल्या बहुमोल वेळातला वेळ काढून ज्यांनी मौलिक मार्गदर्शन केलं, त्या आदरणीय साहेबांचे मी सर्वांच्या वतीनं मनःपूर्वक आभार मानतो." मग तालुक्याहून आलेल्या अधिकाऱ्यांचे आभार, चहावाल्याचे आभार, माइक नसतानाही माइकवाल्याचे आभार. "अनवधानानं कुणाचं नाव घ्यायचं राहून गेलं असल्यास क्षमस्व. जय हिंद, जय महाराष्ट्र." खुर्च्या सरकल्या. टाळ्या झाल्या. साहेबांनी स्वतः हात जोडले, चष्मा डबीत घातला आणि बाहेर पडले. गाडीत बसल्यावर त्यांच्या ध्यानात आलं म्हणे, की विषयपत्रिका अर्धीच झाली होती. तोवर सोयगावची मंडळी स्टँडवर पोचली होती.

मला हसू आवरेना. जिन्यात मी विचारलं, "अण्णा, मध्येच कसे काय आभार मानले?"

"ताई, आपल्याकडं आभार झाल्यावर कोन बसतं का? लग्नात अक्षता पडल्या की माणूस जेवायला उठतो, तसं हाय ते. अन् साहेब मला थांबवतील कसे? त्यांचंच कौतुक चाललेलं असतं."

त्यानंतर ते नेमानं चाललं. अर्थात रोज नाही. रोज केलं असतं तर डाव जुना झाला असता. साहेब पाणी पिणार, शिंकणार किंवा चष्मा पुसणार, अशी एखादी फट अण्णा शोधत राहायचे, आणि सगळ्या टेबलाची नजर अण्णांकडं लागलेली असायची.

ही कला ते कुठं शिकले, ते त्यांनी मला एकदा रसवंतीत सांगितलं. शाळेपासून त्यांचा आवाज चांगला. पण स्नेहसंमेलन असो, कॉलेजातलं व्याख्यान असो की ऑफिसातला निरोप समारंभ, भाषणं दुसऱ्यांच्या वाट्याला जायची आणि पत्रिकेत शेवटी लिहिलेलं असायचं, आभार : साळवे.

"चौदा एप्रिलला तेवढं भाषण मला देतात," अण्णा म्हणाले. "का देतात ते तुमाला सांगायला नको. बाकी वर्षभर आभार. लोक उठायला लागलेले असतात, सतरंज्या गोळा व्हायला लागलेल्या असतात, अन् मी बोलत असतो. लई राग यायचा पहिल्यांदा. मग म्हटलं, साळवे, अरे शेवटचा शब्द तर तुझाच असतोय ना."

हे सांगताना ते हसत होते. मला मात्र हसू आलं नाही.

अण्णांना सुटायची एवढी घाई कशाची, याचा मला बरेच दिवस पत्ता नव्हता. बाकीच्यांना घाई होती ती आपली सर्वसाधारण. अण्णांची वेगळी वाटायची. मगरिबची अजान झाली आणि आम्ही अजून आतच असलो, की त्यांचा चेहरा उतरायचा. एक दिवस त्यांची स्कूटर पंक्चर झाली म्हणून मी त्यांना माझ्या गाडीवरून भावसिंगपुऱ्याला त्यांच्या घरी सोडायला गेले, तेव्हा कोडं उलगडलं. दारात त्यांच्या पत्नी सुमनताई उभ्या होत्या. पांढरा गणवेश, केसांना घट्ट जाळी, खांद्याला पर्स. ओट्यावर दोन कप झाकून ठेवलेले.

सुमनताई एका खासगी दवाखान्यात नर्स होत्या. मुलं लहान असताना दिवसा घरात कुणीतरी हवं म्हणून त्यांनी रातपाळी मागून घेतली होती. मुलं मोठी झाली, पुण्याला गेली, रातपाळी मात्र तशीच राहिली. त्या सकाळी घरी यायच्या तेव्हा अण्णा निघालेले असायचे. अण्णा संध्याकाळी यायचे तेव्हा त्यांची निघायची वेळ झालेली असायची. दोघांच्या मध्ये उरायचा तो संध्याकाळचा तासभर. त्या तासात चहा, भाजी कुणी आणायची, पोरांचा फोन, कुणाकुणाच्या सोयरिकी आणि एखादं भांडण, सगळं बसवायचं. बैठक लांबली की तो तास जायचा. इतकी वर्षं हा असा संसार.

"तुमच्या त्या मिटिंगीला सवत म्हणते मी," सुमनताई मला बशी पुढं करत म्हणाल्या. "सवत तरी कधीमधी माहेरी जाती. ही नाय जात."

अण्णा डब्यात पोळ्या भरत होते. मान वर न करता म्हणाले, "आज लवकर सुटलो ना?"

"व्हय. आज लवकर. म्हणजे मी दारात असताना."

मी चहा घाईनं संपवला आणि निघाले. त्यांच्या तासातली दहा मिनिटं मीच खाल्ली, असं वाटत राहिलं.

पुढं अण्णांची भीड जरा जास्तच चेपली. मुंबईहून व्हीसी चालू होती. पडद्यावर सगळ्या जिल्ह्यांचे चौकोन, प्रत्येकात आमच्यासारखीच पेंगुळलेली माणसं. मुंबईचे वरिष्ठ खोकला आला म्हणून थांबले. आमचा माइक चुकून चालू होता. अण्णा उभे राहिले. "आजच्या या राज्यस्तरीय बैठकीस..." असं त्यांनी सुरू केलं आणि साऱ्या महाराष्ट्राचे आभार मानून टाकले. वरिष्ठांनी खोकता खोकता हात जोडले. मग एकेक जिल्हा विझत गेला. कोकण गेलं, विदर्भ गेला, शेवटी पडद्यावर आम्हीच आम्हाला दिसत राहिलो. आमच्या साहेबांचं सादरीकरण अजून व्हायचं होतं. त्यासाठी ते नवा कोट घालून आले होते.

त्या दिवशी साहेबांना अण्णांचा सगळा डाव कळला. ते ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "साळवे, यापुढं आभार नकोत. बैठक मी संपवीन."



योगायोग असा, की थोड्याच दिवसांत वरून आदेश आला : अनावश्यक बैठका कमी करा. आम्हाला वाटलं, देव पावला. साहेबांनी आदेश गंभीरपणे घेतला आणि बैठका कमी करण्यासाठी एक समिती नेमली. दिवसा बैठकांमुळं वेळ नसल्यानं समितीनं रोज संध्याकाळी साडेपाचला बसायचं. सदस्य आम्ही सगळे, सदस्य-सचिव म्हणून साळवे. साहेबांना यात काही गंमत वाटत नव्हती. उलट, इतका चांगला माणूस या कामाला लावला म्हणून ते खुशीत होते. पहिल्या दिवशी बैठक कशाला म्हणावं यावर चर्चा झाली. दुसऱ्या दिवशी बैठक आणि चर्चा यांत फरक काय यावर. अण्णा लिहून घेत होते. अजान व्हायची, पेन क्षणभर थांबायचं, पुन्हा चालू व्हायचं. बाहेर उन्हाळा पेटलेला, आत बंद खिडक्या, आणि रोजच्या रोज अण्णांचा तो तास आमच्या डोळ्यांसमोर जात होता. मला साहेबांचा इतका राग यायचा की त्यांच्या चहात मीठ टाकावं असं वाटायचं.

मग एका सकाळी अण्णा माझ्या टेबलाशी आले. शेंगदाणे नेहमीपेक्षा जास्त. "ताई, आज तिची शेवटची रातपाळी हाय. पाय चालत नाय आता, सोडतीय नोकरी."

"वा! मग आज लवकर जा."

"जायलाच पायजे. पहिल्या दिवशी मीच सोडलं होतं तिला स्कूटरवर. त्यानंतर कधी जमलंच नाय, रिक्षानंच जाती. काल म्हणली, इतक्या वर्षांत तुमच्याकडं काय मागितलं नाय. पहिल्या दिवशी तुमी सोडलं, शेवटच्या दिवशीबी तुमीच सोडा." त्यांनी पिशवीतून नवं कोरं हेल्मेट काढून दाखवलं. गुलाबी रंगाचं. "बरं दिसंल ना तिला?"

मी म्हटलं, फार छान दिसेल.

त्यांनी साहेबांना सांगून ठेवलं होतं. साहेब म्हणाले होते, "हो हो, जा ना. समितीची पाच मिनिटांचीच बैठक आहे आज."

साडेपाचला बसलो. त्या दिवशी साहेबांना एक नवी कल्पना सुचली होती. समितीच्या कामाचा आढावा घेण्यासाठी उपसमिती असावी का? त्यावर ते बोलत राहिले. अण्णांनी एकदा हळूच म्हटलं, "साहेब, मी सकाळी बोललो होतो..." साहेब म्हणाले, "हो, लक्षात आहे, हे एवढं झालं की निघा." ते एवढं होईना. चिवडा आला, कुणी हात लावला नाही.

अजान झाली. रहीमभाई नमाजाला गेले. दाराबाहेरच्या ताटात एक फोन वाजायला लागला. जुन्या काळच्या फोनसारखी ट्रिंग ट्रिंग. ती कुणाची घंटी हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. स्टीलच्या ताटामुळं ती खणखणत होती. वाजून वाजून थांबली. साहेब क्षणभर थबकले, मग पुढं बोलू लागले. फोन पुन्हा वाजला. या वेळी लवकर थांबला. अण्णा बंद खिडकीच्या पडद्याकडं बघत होते, जणू त्या पलीकडचा रस्ता त्यांना दिसत होता. असा हताश चेहरा मी त्यांचा कधी पाहिला नव्हता.

मग ते उभे राहिले.

"साळवे," साहेब म्हणाले, "आभार नकोत म्हटलं होतं."

"बैठकीचे नाय मानत साहेब," अण्णा म्हणाले. आणि त्यांनी तो आवाज लावला.

"आज या ठिकाणी मी आभार मानतो ते श्रीमती सुमन साळवे यांचे. त्यांनी आपल्या बहुमोल वेळातला वेळ काढून रोज संध्याकाळी माझ्यासाठी चहा ठेवला. बैठकीमुळं तो कित्येकदा गार झाला. त्यांनी तो पुन्हा गरम केला. पोरांसाठी त्यांनी रात्री मागून घेतल्या आणि दिवसाही झोपल्या नाहीत. त्यांच्या सहकार्याशिवाय हा कार्यक्रम पार पडला नसता." त्यांनी टेबलाची कड धरली. "आभार मानायचं काम आयुष्यभर माझ्याकडंच होतं. साहेबांचे मानले, माइकवाल्याचे मानले. त्यांचं नाव घ्यायचं तेवढं राहून गेलं. त्याबद्दल क्षमस्व. जय भीम."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. पण सगळे उभे राहिले. नुसत्या सवयीनं राहिले असं मला म्हणवत नाही. साहेबही उभे राहिले, आणि उभे राहिल्यावर काय करायचं ते न सुचून त्यांनी हात जोडले. अण्णा ताटातून फोन उचलून जिना उतरून गेलेसुद्धा.

दुसऱ्या दिवसापासून ते रजेवर गेले आणि रजेतच त्यांची सोयगावला बदली झाली. साहेबांना वाटलं, आपण शिस्तीचा बडगा उगारला. आता नवरा-बायको दोघंही तिथं राहतात. तिकडून येणारे लोक सांगतात, अण्णा पाचच्या ठोक्याला घरी असतात आणि संध्याकाळी दोघं अंगणात खुर्च्या टाकून बसलेली दिसतात. आमची समिती अजून बसते. सदस्य-सचिव नवीन आहेत. आभार कुणी मानत नाही. खिडक्यांचे स्क्रू तसेच आहेत, आणि फोन वाजला की माझं लक्ष अजूनही त्या ताटाकडं जातं.

अण्णा मला शेवटचे दिसले ते त्या शेवटच्या आभारांच्याच संध्याकाळी. माझ्या घरी जायच्या वाटेवर सुमनताईंचा दवाखाना लागतो. फाटकाबाहेरच्या टपरीवर दोघं उभी होती. सुमनताई वाट बघून बघून रिक्षानं आल्या असणार आणि अण्णा मागून स्कूटर पळवत. दोघांच्या हातात चहाचे ग्लास, अण्णांच्या कोपराला ते गुलाबी हेल्मेट अडकवलेलं. मी गाडी बाजूला घेतली, पण पुढं गेले नाही. अण्णा मान खाली घालून काहीतरी बोलत होते. सुमनताई ऐकत होत्या, मग त्यांनी पदराची सवय म्हणून गणवेशाचंच टोक डोळ्यांना लावलं. ग्लास टपरीवर ठेवला, पर्स खांद्यावर सारखी केली आणि फाटकाकडं निघाल्या.

दोन पावलं गेल्या आणि परत फिरल्या. अण्णांच्या हातातलं हेल्मेट घेतलं, केसांच्या जाळीवरून डोक्यात घातलं आणि स्कूटरवर मागं बसल्या. अण्णांनी किक मारली. दवाखान्याची पायरी फाटकापासून हाकेच्या अंतरावर होती. पहारेकऱ्यानं आधी हात आडवा केला, मग दोघांच्या तोंडाकडं बघून दांडी वर उचलली. स्कूटर अगदी सावकाश, रांगेतल्या अँब्युलन्सला वळसा घालत, आत गेली.